केसपेपरवरचं अधिकचं चिन्ह

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘वनौषधींतील घटक आणि मूत्रपिंडाची सुरक्षितता : तपासणी कशी होते, कशी व्हावी’. वाचायला जड आहे. तरीही संध्याकाळची गंगापूर रोडची गर्दी पार करून तुम्ही इतके जण आलात, म्हणजे हा विषय प्रत्येकाच्या घरात कुठे ना कुठे शिरलेला आहे.

आधी जरा हात वर करायचेत. गेल्या महिन्याभरात ज्यांनी घरी काढा, चूर्ण, रस, कुणीतरी दिलेली पुडी, यांपैकी काहीही घेतलं असेल त्यांनी हात वर करा. ... जवळजवळ सगळं सभागृह. माझाही हात वर आहे, मी रात्री त्रिफळा घेते. आता त्यातल्या ज्यांनी हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलंय, त्यांनीच हात वर ठेवा. ... चार. पाच. मागे एक वहिनी अर्धा हात वर ठेवून शेजारी बसलेल्या यजमानांकडे बघतायत, तो मी धरते. साडेपाच.

पहिल्या रांगेत वैद्यमंडळी बसली आहेत, त्यांना आधीच सांगते. मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलायला उभी नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात ३१ वर्षं मी फार्माकॉलॉजी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं वनस्पतींच्या अर्कांवर काम करण्यात गेली. माझी आजी निफाड तालुक्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांची आजी होती, कारण वावडिंगाची आणि ओव्याची डबी तिच्याकडे असायची. हे सगळं मला माझं वाटतं, म्हणूनच त्याची काळजी वाटते.

आता माझ्या मामांची गोष्ट सांगते. थोडी लांबेल, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

मामा द्राक्षबागायतदार. अंगाने काटक, म्हणजे खरोखर काटक, ४५ किलो वजन. आयुष्यभर बागेत उकिडवं बसून छाटणी केलेली, त्यामुळे साठीनंतर दोन्ही गुडघे गेले. बुधवारी नाशकात यायचे, गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात काही घ्यायचे, रामकुंडावर हातपाय धुवायचे आणि परत जायचे. त्या बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. पोत्यावर मुळ्या, साली, शेंगा मांडलेल्या, आणि मागे पत्र्याच्या डब्यात तयार पुड्या. वर्तमानपत्राच्या कागदात चौकोनी घडी घातलेल्या, राखाडी-हिरव्या चूर्णाच्या. रोज पहाटे एक, कोमट पाण्याबरोबर. मामा मला म्हणाले, “अगं, तिसऱ्या दिवशी गुडघा मोकळा झाला बघ. डॉक्टरच्या गोळीनं पोट जळायचं, यानं काही नाही.”

तिसऱ्या दिवशी आराम पडला हे ऐकूनच माझे कान टवकारायला हवे होते. सांधेदुखीवर एखादी मुळी इतक्या झटपट चालली असं सांगितलं, की चूर्णात वेदनाशामक गोळी किंवा स्टिरॉइड दळून मिसळलंय का, ही शंका आधी घ्यायची असते. वर्गात मीच हे शिकवत होते. पण समोर मामा होते आणि मामा खुशीत होते.

पुड्या सुरू होऊन वर्ष झाल्यावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. वय ६८. त्याआधी रक्त तपासलं. रिपोर्ट मामींनी माझ्या हातात दिला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, १.२. लॅबच्या कागदावर शेजारीच छापलेलं होतं की इथपर्यंत नॉर्मल. मी म्हणाले, “छान आहे, किडनी ठणठणीत आहे.” मामींनी लगेच देवापुढे साखर ठेवली. मामांनी तो रिपोर्ट गावात दोघा-तिघांना दाखवला, की बघा, वर्षभर पुडी खातोय आणि किडनी नॉर्मल. त्यातल्या दोघांनी पुढच्या बुधवारी पुड्या आणल्या.

फळ्यावर जरा हिशेब मांडू या. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांचं १९७६ सालचं एक सूत्र आहे, फार सोपं. १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचं. १४० वजा ६८, राहिले ७२. गुणिले ४५, झाले ३,२४०. खाली ७२ गुणिले १.२, म्हणजे ८६.४. भागाकार येतो साडेसदतीस. म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला साडेसदतीस मिलिलिटर रक्त साफ करतायत. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभर-सव्वाशेच्या घरात असतो. मूत्रपिंडाचे डॉक्टर आज जी नवी सूत्रं वापरतात ती यापेक्षा बरा आकडा देतील, पण त्यांत वजन धरलेलं नसतं, आणि मामांची सगळी गोष्ट त्या ४५ किलोंतच होती. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. ज्याच्या अंगावर मांसच नाही, त्याच्या रक्तात ते मुळातच कमी असणार. म्हणजे पैलवानाचं १.२ आणि माझ्या मामांचं १.२ हे दोन वेगळे आकडे आहेत. मी तो कागद हातात धरून “ठणठणीत” म्हणाले तेव्हा बहुधा निम्म्याहून जास्त काम थांबलेलं होतं.

दोन वर्षांनी पायावर सूज आली, जेवण जाईना, तोंडाला धातूची चव. क्रिएटिनिन ७.८. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं आक्रसलेली. पावणेदोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस झालं. हाताला फिस्टुला केला होता, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडली होती. त्याची थरथर हाताला लागते ना, ती मामा नातवंडांना दाखवायचे, “बघ, इंजिन चालू आहे.” मग गेले.

इथवरचं दुःख आमच्या घरचं. यापुढची तक्रार मात्र चारचौघांत मांडायची आहे. मामा गेल्यावर मी त्यांचा केसपेपर मागून घेतला. मोठं रुग्णालय होतं, डॉक्टर चांगले होते, डायलिसिसमध्ये काही कमी केलं नाही. पहिल्या पानावर इतिहास लिहिलेला : मधुमेह, पुढे वजाचं चिन्ह. रक्तदाब, वजा. मुतखडा, वजा. वेदनाशामक गोळ्या, पुढे ‘कधीकधी’. आणि खाली, ‘देशी औषध’, पुढे अधिकचं चिन्ह. बस्स. कोणतं औषध, कुणाकडून, किती दिवस, काढा की चूर्ण, उरलंय का घरात, काही नाही. ते अधिकचं चिन्ह पेनाने दोनदा गिरवलेलं होतं. म्हणजे लिहिणाऱ्याला ते महत्त्वाचं वाटलं होतं. विचारावंसं मात्र वाटलं नाही.

मी घरी जाऊन मामींना म्हणाले, एखादी पुडी असेल तर द्या, तपासून घेऊ. मामी म्हणाल्या, “डॉक्टर बोलले औषधानं झालं, तशा सगळ्या चुलीत घातल्या मी. त्याच दिवशी.” पुढचे चार बुधवार मी गंगेवर गेले. तो माणूस दिसला नाही. शेजारच्या कुंकू-बुक्क्यावाल्या मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, तो फिरता आहे, कधी त्र्यंबकला बसतो, कधी शिर्डीला.

तेव्हा आज मला कुणी विचारलं की मामांची किडनी कशाने गेली, तर माझ्याकडे उत्तर नाही. मुळी विषारी होती? मुळी बरोबर पण तिच्या जागी दुसरीच आली होती? दळलेली गोळी होती? शिसं होतं? की पुडीचा काही संबंधच नव्हता आणि दोष बागेतल्या उन्हाचा, फवारणीचा, आधी खाल्लेल्या गोळ्यांचा? एक अधिकचं चिन्ह यातलं काहीच सांगत नाही. त्या चिन्हाने आयुर्वेदावर आरोप होतो आणि आयुर्वेदाला आपली बाजू मांडायचीही सोय राहत नाही. वैद्यमंडळींनी याचा राग माझ्याइतकाच धरायला हवा.

आता एक उलट गोष्ट, जिथे कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला. ब्रुसेल्स, बेल्जियमची राजधानी, १९९० नंतरची पहिली दोन-तीन वर्षं. तिथल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे एकामागून एक बायका येऊ लागल्या, बऱ्याचशा मध्यमवयीन, आधी काही आजार नसलेल्या, आणि मूत्रपिंडं झपाट्याने आक्रसत चाललेली. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर कळलं की या सगळ्या एकाच वजन उतरवण्याच्या दवाखान्यात गेल्या होत्या. तो दवाखाना जुनाच होता, पंधरा वर्षं सुरळीत चाललेला. मधेच त्यांच्या कॅप्सूलमध्ये दोन चिनी वनस्पती नव्याने आल्या होत्या. त्यातल्या एकीचं चिनी नाव ‘हान फांग ची’. पाठवणाऱ्याने तिच्या जागी ‘ग्वांग फांग ची’ पाठवली. नावात एका शब्दाचा फरक, पण वनस्पतीचं कूळच वेगळं. बदली आलेली ही निघाली ॲरिस्टोलोकिया, आणि तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. शंभराहून अधिक रुग्ण निघाले. पुढे ज्यांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढल्या, अशा ३९ जणांची तपासणी २००० साली छापून आली. त्यांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आधीच सुरू झालेला होता.

आणि हेच आम्ल युरोपातच दुसरीकडे पन्नासेक वर्षं लोकांना छळत होतं. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी, बल्गेरिया, सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया, रुमानिया इथल्या काही ठरावीक खेड्यांत मूत्रपिंडाचा एक आजार. एका गावात घरोघरी, शेजारच्या गावात कुणालाच नाही. पाणी तपासलं, बुरशी तपासली, माती तपासली. अखेर २००७ च्या सुमारास रुग्णांच्या मूत्रपिंडातल्या डीएनएला ॲरिस्टोलोकिक आम्ल चिकटलेलं सापडलं. गव्हाच्या शेतात ॲरिस्टोलोकियाचं तण उगवायचं, त्याचं बी गव्हाबरोबर दळलं जायचं आणि रोजच्या पावातून पोटात जायचं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. तर या कुळातली ईश्वरी, म्हणजे ईश्वरमूळ, आपल्याकडे सर्पदंशावर, बाळंतपणात पूर्वापार वापरली गेली आहे. कीडामारी तर काळ्या रानात तण म्हणून उगवते, जंतांवर देतात. दोघीही ॲरिस्टोलोकियाच.

आता माझा मुख्य मुद्दा सांगते, त्यासाठीच मी आज आले. बिब्बा सगळ्यांना माहीत आहे. चीक अंगाला लागला की फोड येतो, उततो, माणूस दोन रात्री तळमळतो. त्यामुळे आपल्या परंपरेने बिब्ब्याभोवती केवढी पहारेदारी उभी केली बघा. विटेच्या भुकटीत घोळून त्याचं तेल शोषून घ्यायचं, म्हणजे विष उतरवायचं, यालाच शोधन म्हणतात, तोंडाला आतून तूप लावून मगच घ्यायचा, उन्हात जायचं नाही, उष्ण प्रकृतीला द्यायचा नाही. हे सगळं निरीक्षणातून आलं. आधुनिक वैद्यकातही बिब्ब्याच्या चिकाने मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मृत झाल्याचं १९७९ साली आपल्याच देशातून नोंदलं गेलंय. म्हणजे परंपरा जिथे घाबरली, तिथे बरोबर घाबरली.

पण ईश्वरीने फोड येत नाही. उलटी नाही, चक्कर नाही. रोगी उठून घरी जातो, बरं वाटतं म्हणतो. मूत्रपिंड मुकाट्याने आक्रसायला वर्षं लागतात, आणि कर्करोग व्हायला आणखी. तोवर रोगी कुठे, वैदू कुठे, पुडी कुठे. जे डोळ्यांना दिसलं ते आपल्या पूर्वजांनी काटेकोर टिपलं. जे दिसायला क्रिएटिनिन लागतं, बायोप्सी लागते, ते त्यांना दिसायला साधनच नव्हतं. ‘हजारो वर्षांपासून वापरतोय’ हा पुरावा बिब्ब्याच्या बाबतीत भक्कम आहे आणि ईश्वरीच्या बाबतीत तो पुरावाच नाही. या दोन्ही वाक्यांवर मी ठाम आहे. आणि आपले नियम मात्र या दोहोंत फरक करत नाहीत. ग्रंथोक्त योग, म्हणजे जुन्या ग्रंथात दिलेलं औषध, जसाच्या तसा, ग्रंथात सांगितलेल्या रोगावर द्यायचा असेल तर परवान्यासाठी वेगळा सुरक्षितता-अभ्यास साधारणपणे मागितला जात नाही.

चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की वनस्पतींची नावं आणि रूपं रानातल्या शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांनाही ठाऊक असतात, पण तेवढ्याने औषध कळलं असं होत नाही. मला तर वाटतं, आज आपण त्या शेळीवाल्याच्याही मागे पडलोय. सुरगाण्यातला म्हातारा भगत मुळी उकरून काढतो तेव्हा त्याला वर वेल कोणती होती ते माहीत असतं. नाशकातल्या दुकानात आलेल्या पोत्यात फक्त मुळ्या असतात, वेल कुणी पाहिलेली नसते. पुनर्नवा मागा, कधी घेटुळी मिळेल, कधी तिच्यासारखं दिसणारं दुसरंच तण. गोखरू मागा, लहान की मोठा हे विचारणारे किती? आणि गोखरू तर मूत्रविकारावरचं औषध. पण इराणमध्ये एका तरुणाने सराट्याचं, म्हणजे लहान गोखरूचंच, पाणी लिटरच्या हिशेबात दोन दिवस प्यायलं आणि मूत्रपिंडासकट आजारी पडला. केरळात कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून बिलिंबीचा आंबट रस प्यायलेल्या १० जणांची मूत्रपिंडं ऑक्झलेटच्या स्फटिकांनी तुंबली. एक-दोन फळं आमटीत घालणं वेगळं आणि पेलाभर रस रोज उपाशीपोटी पिणं वेगळं. दुधीचा रस पिणाऱ्यांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली आहे, मला दिसतंय. दुधी कडू लागला तर एक घोटही घेऊ नका, एवढंच सांगते. त्याचा विषय दुसरा आहे.

... अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे. दहा मिनिटं. आणि पत्रिकेवरचा विषय तर अजून सुरूच व्हायचाय. ठीक आहे, आता भराभर.

आधी, मूत्रपिंडालाच फटका का बसतो? हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांत जातो. दिवसाला १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटर. बाकीचं पाणी परत शोषलं जातं. म्हणजे जे शोषलं जात नाही ते मूत्रपिंडातल्या बारीक नळीत शंभरपटीहून दाट होत जातं. शिवाय नळीच्या सुरुवातीच्या पेशींना रक्ताच्या बाजूने खास दारं असतात, रक्तातले नकोसे पदार्थ आत ओढून घेण्यासाठी. त्यांना ओॲट-१, ओॲट-३ म्हणतात. ॲरिस्टोलोकिक आम्ल याच दारांतून आत शिरतं. पेशी इमानदारीने विष उचलते आणि स्वतः मरते.

आता तपासणी. सगळ्यात आधी ओळख. मुळीचा नमुना पानाफुलांसकट वाळवून, कागदावर चिकटवून, क्रमांक घालून ठेवायचा. मग सूक्ष्मदर्शक, मग एचपीटीएलसी या घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तंत्रावर रासायनिक ठसा, शंका असेल तर डीएनए. चूर्ण असेल तर जड धातू. आपल्या आयुर्वेदिक फार्माकोपियाची मर्यादा आहे शिसं १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. आणि दळलेली गोळी आहे का ते शोधायचं. ही पायरी गाळून पुढे केलेला प्रत्येक प्रयोग हा अनोळखी माणसाच्या नावावर लिहिलेला रक्ताचा रिपोर्ट असतो. माझ्याच विद्यार्थ्यांचे असे प्रबंध मी सुरुवातीच्या वर्षांत सही करून पाठवले आहेत. ‘स्थानिक बाजारातून खरेदी’ एवढीच नोंद असलेले. आज पाठवणार नाही.

दुसरं, लोक घेतात तेच तपासा. लोक पाण्यात काढा उकळतात आणि आपण प्रयोगशाळेत मिथेनॉलमध्ये अर्क काढतो. ती दोन वेगळी औषधं झाली. शोधन केलेलं द्रव्य आणि न केलेलं, दोन्ही शेजारी ठेवून तपासा. शोधनाने विष खरंच उतरतं का, हे आकड्यात दाखवायची केवढी मोठी संधी आहे ही!

तिसरं, पेशी. माणसाच्या मूत्रपिंडाच्या नळीतल्या, बाटलीत वाढवता येणाऱ्या एचके-२ नावाच्या पेशी १९९४ पासून सगळीकडे वापरतात. स्वस्त, सोप्या. पण त्या पेशींतून ओॲटची ती दारंच जवळजवळ नाहीशी झालेली आहेत. मग जे विष दारातून शिरतं ते त्यांना फारसं लागतच नाही, आणि आपण लिहितो ‘सुरक्षित’. दारं शाबूत असलेल्या किंवा मुद्दाम बसवलेल्या पेशी वापरायला हव्यात. दुसरा सापळा मी स्वतः अनुभवलाय. पेशी जिवंत किती हे मोजायला एमटीटी नावाचा पिवळा रंग घालतात, जिवंत पेशी त्याला जांभळा करते. आमच्या एका विद्यार्थिनीची थाळी जितका अर्क जास्त तितकी जांभळी. ती आनंदाने पळत आली, “मॅडम, पेशी वाढतायत!” मी थाळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तळाला एकही पेशी चिकटलेली नव्हती, सगळ्या गोल होऊन तरंगत होत्या, मेलेल्या. अर्कातले पॉलिफिनॉल्स स्वतःच रंगाला जांभळा करत होते. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला : पेशी न घातलेला, नुसत्या अर्काचा एक खळगा थाळीत हवाच, आणि आकडा लिहिण्याआधी डोळ्यांनी बघायचं.

चौथं, प्राणी. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहेत, उंदरांवर २८ दिवस, ९० दिवस. शेवटी युरिया-क्रिएटिनिन बघतात आणि मूत्रपिंडाचा छेद, म्हणजे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली. पण क्रिएटिनिन हलेपर्यंत निम्मं काम गेलेलं असतं, मामांच्या हिशेबात पाहिलंच आपण. त्याआधी लघवीत किम-१ नावाचं प्रथिन दिसायला लागतं. नळीची पेशी दुखावली की ती ते सोडते. २००८ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या औषध नियामकांनी उंदरांवरच्या चाचण्यांसाठी लघवीतल्या अशा सात खुणा मान्य केल्या, त्यात किम-१ आहे, सिस्टाटिन-सी आहे, क्लस्टरिन आहे. वनौषधींच्या प्रबंधांत मात्र अजून सर्रास क्रिएटिनिनवर काम भागवतात. किटला पैसे लागतात, मला कल्पना आहे. पण निदान लघवीतलं प्रथिन आणि नीट केलेला छेद याला फार पैसे लागत नाहीत. आणि औषध थांबवल्यावर काही जनावरं महिनाभर ठेवून बघा, जखम भरते की व्रण राहतो. ॲरिस्टोलोकिक आम्लाचा व्रण पुढे वाढतच जातो.

पाचवं, माणसं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे, राज्यभरातल्या आयुर्वेदाच्या पदव्युत्तर प्रबंधांचा कारभार इथून चालतो. माझं मागणं एवढंच की प्रत्येक प्रबंधात, रोग कोणताही असो, औषधाआधी आणि नंतर लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि वजन-वय धरून काढलेला मूत्रपिंडाचा आकडा, हे दोन रकाने असावेत. काही वर्षांत जो साठा तयार होईल तसा जगात कुठेच नसेल. चांगलं निघालं तर वैद्यांच्या हातात कागद येईल, वाईट निघालं तर रोग्याची किडनी वाचेल. आयुष मंत्रालयाची औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी योजना २०१८ पासून आहे, तिच्यात नोंद करायला वैद्यांनी घाबरू नये. आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी अधिकच्या चिन्हापुढे चार शब्द लिहावेत : काय, कुणाकडून, किती दिवस, शिल्लक आहे का.

अध्यक्ष उठून उभे राहिलेत, थांबतेच. फक्त एक काम सांगायचंय. मागच्या टेबलावर ५० प्लास्टिकच्या पिशव्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी लावलेली आहे. घरात नाव माहीत नसलेली पुडी असेल तर ती खाऊ नका आणि चुलीतही घालू नका. पिशवीत घाला, चिठ्ठीवर कुठून आणली, कधी, रोज किती घेत होता ते लिहा आणि कोरड्या जागी ठेवा. मुळीचे तुकडे असतील तर मला आणून द्या, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतंय का ते मी घरी बघीन, पुढचं यंत्रावरचं काम मात्र प्रयोगशाळेतच करावं लागेल. पेन आणलं नसेल तर माझ्याकडे दोन आहेत.